जनुक कुठल्या गटात बसले आहे?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावाचा आणि ज्वारीच्या खरेदीचा विषय दुपारच्या जेवणानंतर आहे. तो मांडणारे माझ्यापेक्षा चांगले बोलतात. माझ्या वाट्याला अर्धा तास आला आहे आणि तो मी एकाच प्रश्नावर खर्च करणार आहे. आपण ज्याला बीटी म्हणतो तो परका तुकडा कपाशीच्या झाडात नेमका कुठे बसलेला आहे? तुम्ही म्हणाल, बसू द्या कुठेही, अळी मेल्याशी मतलब. कित्येक वर्षे मीही तेच म्हणत होतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून मी पदवी घेऊन बाहेर पडलो ते २००२ साल. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. म्हणजे माझी पदवी आणि तुमचे बीटी एकाच वयाचे. तरी या प्रश्नाचे महत्त्व मला कळले ते पुस्तकातून नाही, शिंदखेडा तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतात.

त्या शेताचे मालक एक नाना आहेत. नाव सांगत नाही, ते समोरच बसले आहेत. नानांनी तणनाशक सहन करणारी कपाशी म्हणून सुटे बियाणे घेतले. पाकिटावर ना कंपनी, ना लॉट नंबर, आणि पावतीचा तर प्रश्नच नाही. लावण्याआधी त्यांनी मला विचारले होते. मी त्यांना सांगितले, चार रोपे उगवू द्या, पान चुरगाळून बीटीची पट्टी बुडवा, दोन रेघा आल्या तर बियाणे खरे. त्यांनी तसे केले. दोन रेघा आल्या. पुढे महिन्याने निंदणीला बाई मिळेना म्हणून नानांनी ग्लायफोसेट मारले, आणि आठ दिवसांत तणाबरोबर कपाशीही ठिकठिकाणी पिवळी पडू लागली. नाना मला शेतात घेऊन गेले आणि एवढेच म्हणाले, "भाऊ, तूच सांगेल व्हतं ना, पट्टीवर दोन रेघा उन्यात की बियानं खरं शे? मंग हाई काय व्हयनं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हटले, विकणाऱ्याने भेसळ केली असेल. पण नाना जुने माणूस. त्यांनी बांधावर उभे राहून शिव्या घालण्याऐवजी सलग दोनशे झाडे मोजली. त्यातली ५३ मेलेली किंवा मरायला टेकलेली. ज्या झाडांची पाने अजून ओली होती त्यातल्या वीस झाडांची पाने आम्ही पुन्हा पट्टीवर पाहिली. चौदांत दोन रेघा. म्हणजे झाडात बीटी आहे, पण तणनाशक सोसण्याचा गुण नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवा, दोनशेत ५३ आणि वीसात चौदा. त्यांचा हिशोब शेवटी करू.

आता झाडाच्या आत जाऊ. प्रत्येक पेशीत त्या झाडाचे सगळे दफ्तर असते. हे दफ्तर चार अक्षरांत लिहिलेले असते. ज्वारीचे दफ्तर २००९ साली पहिल्यांदा पूर्ण वाचून झाले. सुमारे ७३ कोटी अक्षरे, गुणसूत्रांच्या दहा जोड्यांत मांडलेली. आपले आजोबा पेरायचे त्या विरनार, वाय-१ या देशी कपाशीत तेरा जोड्या. आज आपण लावतो ती अमेरिकन कपाशी पूर्वी कधी तरी दोन रानटी जातींच्या संकरातून झालेली, म्हणून तिच्यात दुप्पट, २६ जोड्या आणि दोनशे कोटींच्या वर अक्षरे. या सगळ्यात कामाचे हुकूम म्हणजे जनुके थोडी. बाकी बराचसा भाग म्हणजे तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली, तलाठ्याच्या कपाटात जुने रद्दीचे गठ्ठे असावेत तशी. ज्वारीत तर अर्ध्याहून जास्त दफ्तर असे आहे. ते सगळे निरुपयोगी असते असे मात्र कुणी समजू नये.

या दोनशे कोटी अक्षरांत बीटीचा तुकडा आहे काही हजार अक्षरांचा. एवढ्या मोठ्या शिवारात तो कुठे पडला, आणि कुणी टाकला?

टाकणारा आहे जमिनीतला एक जिवाणू, ॲग्रोबॅक्टेरियम. फळझाडांच्या बुंध्याला, गुलाबाच्या मुळाला जमिनीलगत ज्या गाठी येतात त्या त्याच्या. झाडाला जखम झाली की तो तिथे चिकटतो आणि स्वतःच्या दफ्तरातले एक पान फाडून झाडाच्या पेशीत घुसवतो. त्या पानावर हुकूम असतो, गाठ वाढव आणि माझ्यासाठी खुराक तयार कर. झाड निमूटपणे ते करते. हे पान खरोखरच झाडाच्या दफ्तरात जाऊन बसते हे १९७७ साली अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे शास्त्रज्ञांनी विचार केला की पोस्टमन तर मिळाला, आता पाकिटातली चिठ्ठी बदलू. गाठीचा हुकूम काढला, आपल्याला हवे ते जनुक घातले. १९८३ साली अशी पहिली झाडे तयार झाली.

पण पोस्टमन पत्र घराच्या दारापर्यंत आणतो. आत कुठल्या कपाटात ठेवायचे ते तो सांगत नाही. ते काम झाड स्वतः करते, आणि तेही चुकून. झाडाच्या दफ्तरात रोज कुठे ना कुठे तूट होत असते, उन्हाने म्हणा, वाढीच्या धावपळीत म्हणा. तूट झाली की दुरुस्ती करणारी प्रथिने धावून येतात. त्यातले एक प्रथिन फार घाईचे आहे. गोणी फाटली की दाभण-सुतळीने जो तुकडा हाताला लागेल तो लावून शिवून टाकावी, तसे ते काम करते. शिवताना दोनचार अक्षरे गळतात, दोनचार भलतीच चिकटतात. त्याच वेळी जिवाणूचे पान शेजारी पडलेले असले तर तेही शिवणीत जाते. २०१६ साली नेदरलँडमधल्या लायडेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की हे प्रथिन नसलेल्या झाडात जिवाणूचे पान आत येते, पण दफ्तरात शिवले जात नाही. म्हणजे ज्याला आपण एवढे मोठे तंत्रज्ञान म्हणतो त्याचा शेवटचा टाका झाडाच्याच घाईच्या दुरुस्तीचा आहे.

मग जागा कशी ठरते? अमेरिकेत मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस नावाच्या एका छोट्या तणावर हा प्रयोग झाला. तुकडा घातलेली सव्वादोन लाखांवर रोपे तयार केली आणि त्यातल्या ८८ हजारांवर तुकड्यांची जागा शोधून काढली. २००३ साली हे छापून आले. निष्कर्ष असा की तुकडे जनुकांच्या सुरुवातीला आणि शेवटाला जास्त बसतात, रद्दीच्या गठ्ठ्यांत कमी. सगळ्यांनी मान डोलावली. जिवाणू हुशार आहे, चालती जागा शोधतो, असे वर्गात शिकवले जाऊ लागले.

आता तुम्ही शेतकरी आहात म्हणून विचारतो. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर शेतात जाऊन तुम्ही फक्त उगवलेली रोपे पाहिली, तर बी कुठे कुठे पडले होते हे सांगता येईल का? ढेकळाखाली पडलेले, किड्यांनी खाल्लेले, दडपले गेलेले बी तुम्हाला दिसतच नाही. या प्रयोगातही तेच झाले होते. तुकड्याबरोबर एक खूण-जनुक घातलेले असते आणि औषध घालून ज्या रोपात ते चालते तेवढीच जगवतात. रद्दीच्या गठ्ठ्यात पडलेला तुकडा दबून जातो, मुका होतो, ते रोप औषधाने मरते. २००७ साली दुसऱ्या गटाने औषधाची निवड न लावता तुकड्यांच्या जागा पाहिल्या, तेव्हा तो कल बराचसा नाहीसा झाला. तुकडे जवळपास कुठेही पडतात. उभे राहतात ते मात्र चालत्या जागेवरचे. आणि एकाच तुकड्यावर काम भागतेच असे नाही. दोन-तीन प्रती, अर्धवट प्रती, उलट्या प्रती एकमेकींना चिकटून बसतात. कधी आजूबाजूचे गुणसूत्रही तुटून इकडचे तिकडे होते.

काही जणांना वाटेल, हा सगळा माणसाने केलेला उपद्व्याप आहे. तसे नाही. महाशिवरात्रीला आपण रताळे खातो ना? २०१५ साली जगभरातली रताळ्याची २९१ वाणे तपासली गेली. सगळ्यांत या जिवाणूचे पान सापडले. माणसाच्या लागवडीत हजारो वर्षे असलेले हे पीक निसर्गानेच केलेले जीएम आहे आणि उपवासालाही चालते. दुसरे उदाहरण ज्वारीवाल्यांसाठी. टारफुला तुम्हाला माहीत आहे, ज्वारीच्या मुळावर जगणारा. आफ्रिकेतल्या जांभळ्या फुलांच्या टारफुल्यात ज्वारीसारख्या गवताचे एक जनुक जाऊन बसलेले २०१० साली सापडले. चोराने धान्याबरोबर घरमालकाचा एक कागदही उचलून नेला म्हणा ना! आणि रावेर-यावलचे केळीवाले कुणी आले असतील तर त्यांनी एवढे ऐकावे. केळीच्या बाल्बिसियाना नावाच्या जातीच्या दफ्तरात स्ट्रीक विषाणूचे अख्खे तुकडे झोपलेले आहेत. संकर केला किंवा ऊतीसंवर्धनाचा ताण पडला की ते कधी कधी जागे होतात आणि बाहेरून रोग न येताही झाड रोगी होते. आपल्या बसराई, श्रीमंती, ग्रँड नैनमध्ये बाल्बिसियानाचा अंश नाही, म्हणून ही भीती आपल्याला नाही. पण परका तुकडा कुठे बसला आहे आणि कशाने जागा होईल हा प्रश्न पोकळ नाही, एवढे यावरून कळते.

जागेने काय होते ते ज्वारीच्याच दाण्यावर पाहता येते. ज्वारीच्या काही वाणांत दाण्यावर लाल पट्टे दिसतात. तिथे लाल रंगाच्या जनुकात ज्वारीचाच एक भटका तुकडा शिरून बसलेला असतो. तो बसला असेल तोवर रंग बंद. दाणा वाढताना तो काही पेशींतून उठून गेला की तेवढ्याच पट्ट्यात लाल रंग येतो. तुकडा तोच, फक्त त्याची बैठक हलली.

आता कपाशी. अमेरिकेत कोकर ३१२ नावाच्या एका जुन्या वाणाच्या पेशींत जिवाणूकडून बीटीचे जनुक घातले गेले. कोकर का? तर प्रयोगशाळेत पेशीपासून पुन्हा झाड तयार होण्यात हे वाण सोपे आहे, बाकी त्यात आपल्या उपयोगाचे फारसे काही नाही. अनेक रोपे तयार झाली. प्रत्येकात तुकडा वेगळ्या जागी. कुणात जनुक मुके, कुणात अर्धे तुटलेले, कुणात झाडच खुरटे. त्यातून एक निवडले. त्याला नाव मिळाले मॉन ५३१. गंमत अशी की त्यातही पूर्ण जनुकाच्या शेजारी त्याच जनुकाचा एक तुटका तुकडा उलटा चिकटलेला आहे. तो काही काम करत नाही, पण आहे. मग त्या झाडाचा संकर भारतीय वाणांशी पुन्हा पुन्हा करून २००२ साली मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ हे संकर आपल्याकडे आले. म्हणजे चोपड्यापासून साक्रीपर्यंत पहिल्या बीटीच्या प्रत्येक झाडातला तो तुकडा एकाच पेशीतून, एकाच जागेतून आलेला आहे. २००६ साली दुसरे जनुक घातलेली बीजी-२ आली. तिच्यात पहिल्या तुकड्याची जागा तीच ठेवली आणि दुसरा तुकडा सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या बारीक कणांवर चढवून बंदुकीने आत मारला. तो आणखी कुठे तरी बसला. त्याला नाव मॉन १५९८५.

हा जो 'कुठे तरी बसला' प्रकार आहे त्याला कायद्याच्या आणि शास्त्राच्या भाषेत इव्हेंट म्हणतात. तुमच्या भाषेत सांगतो. गावात घरकुल योजनेची वीस घरे आहेत. नकाशा एकच, दार एकच, पत्रे एकच. घर पाहून मालक ओळखता येत नाही. उतारा काढला आणि चतुःसीमा वाचली, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, की ओळख पटते. बीटीचे जनुक म्हणजे घर. इव्हेंट म्हणजे चतुःसीमा. तुकडा जिथे संपतो आणि कपाशीचे स्वतःचे दफ्तर जिथे सुरू होते त्या सांध्यावरची अक्षरे दुसऱ्या कुठल्याही इव्हेंटमध्ये तशी सापडत नाहीत. सरकारची परवानगी जनुकाला मिळत नाही, इव्हेंटला मिळते. म्हणून आपल्या शेजारी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या नाथ सीड्सने चिनी शास्त्रज्ञांचे बीटी आणले तेव्हा, किंवा खरगपूरच्या आयआयटीचे जनुक जेके कंपनीने आणले तेव्हा, २००६ साली त्यांना वेगळी परवानगी घ्यावी लागली.

आणि नानांची पट्टी काय पाहते? फक्त घर पाहते. जनुकाने तयार केलेले विष-प्रथिन पानात आहे की नाही एवढेच ती सांगते. कुठला इव्हेंट, किती तुकडे, कुठे बसलेले, यातले काही नाही. हे मला बी.एस्सी.ला शिकवले होते. मी विसरलो आणि तुम्हाला अर्धवट सल्ला देत फिरलो.

चतुःसीमा किती महाग पडते याचा मोठा दाखला सरकारी आहे. बिकानेरी नरमा हे सरळ वाण, त्यात बीटी घालून धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था यांनी देशाचे स्वतःचे बीटी तयार केले असे जाहीर झाले. सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याने घरची सरकी ठेवावी आणि पुढच्या वर्षी लावावी. २००९ च्या खरिपात ते शेतकऱ्यांच्या हाती पडले. मला आठवते, आम्ही तरुण कार्यकर्ते तेव्हा हरखून गेलो होतो. मग लगेच बियाणे मागे घेतले गेले. कारण काय? त्यात मॉन ५३१ सापडले. देशी म्हणून सांगितलेल्या घराचा उतारा काढला तर चतुःसीमा परक्याची निघाली. डॉ. सोपोरी यांच्या समितीने २०१२ साली अहवाल दिला. मुद्दाम झाले की भेसळीने, हा वाद मी इथे काढत नाही. कोट्यवधींचा प्रकल्प सांध्यावरच्या मूठभर अक्षरांनी झोपवला आणि घरच्या सरकीची वाट पाहणारा कोरडवाहू शेतकरी पुढची कित्येक वर्षे पाकिटाच्या दुकानातच उभा राहिला, हे मात्र सांगितले पाहिजे.

या पाकिटाचा पैसाही पाहा. सुरुवातीला पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होते आणि त्यातले साडेबाराशे रुपये जनुकाच्या गुणाचे शुल्क. सरकारने किंमत बांधल्यावर २०१६ साली हे शुल्क ४९ रुपये झाले, २०२० साली शून्य. गुण मात्र तेवढ्याच काळात विटत गेला होता.

आता जोडीकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. गुणसूत्रे जोडीने असतात, एक आईकडचे, एक बापाकडचे. संकरित बीटीत बहुधा एकाच पालकाकडून तुकडा आलेला असतो. म्हणजे जोडीतल्या एका गुणसूत्रावर त्या जागी तुकडा, दुसऱ्यावर ती जागा रिकामी. दोन भावांच्या वाटणीत एकाच्या वाट्याला विहीर आली तसे. झाड उभे आहे तोवर फरक पडत नाही, पाणी सगळ्यांना मिळते. पण बोंडात सरकी धरते तेव्हा वाटणी पुन्हा होते. चार सरक्यांपैकी तीनात तुकडा येतो, एकात येत नाही. बोंडाची साल आईची, तिच्यात विष आहे. आतली सरकी मात्र सरमिसळ. बीजी-२ मध्ये दोन तुकडे वेगळ्या जागी, आणि जागा वेगळी म्हणून त्यांची वाटणीही वेगळी. तसे धरले तर सोळा सरक्यांत नऊमध्ये दोन्ही, तीनमध्ये पहिला, तीनमध्ये दुसरा, आणि एक सरकी कोरी.

गुलाबी बोंडअळी काय खाते? सरकी. ती एका बोंडात बसून कधी पूर्ण विषाचा, कधी अर्ध्या विषाचा, कधी बिनविषाचा घास घेते. अर्धवट विषावर जगून निघालेली अळी पुढच्या पिढीला ती ताकद देते. नागपूरच्या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. केशव क्रांती यांनी ही गोष्ट अनेकदा मांडली. त्यांच्याच चमूने २००५ साली दाखवले होते की बीटीचे प्रथिन पानात जास्त आणि पाती, फुले, बोंडाच्या सालीत कमी असते, आणि झाड शंभर-एकशेदहा दिवसांचे झाले की फार उतरते. म्हणजे गुलाबी अळी येते त्याच वेळी विष पातळ. २०१० साली पहिल्या बीटीला गुजरातेत गुलाबी अळी जुमानत नाही हे कंपनीनेच मान्य केले. पुढे बीजी-२ चेही तेच झाले आणि २०१७ चा खरीप तर तुम्हाला सांगायला नको. डोमकळ्या मोजता मोजता हात थकले होते. त्यात आपलाही दोष आहे. १२० ग्रॅमचे बिगर-बीटीचे पाकीट किती जणांनी बांधावर लावले आणि किती जणांनी उकिरड्यावर टाकले, हात वर करायला सांगत नाही. फरदड एप्रिलपर्यंत ठेवून अळीला वर्षभर जेवू घातले तेही आपणच.

पण गोष्ट एकतर्फी नाही. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकराच्या दुसऱ्या पिढीची सरकी लावू लागले. त्यामुळे शेतात चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर-बीटी राहिली, आणि २०१७ साली छापलेल्या अभ्यासानुसार तिथली गुलाबी अळीची वाढती ताकद मागे हटली. वाटणी झाडाझाडांत झाली तर अळीला बिनविषाचे पूर्ण झाड मिळते आणि साध्या अळ्या टिकून राहतात. वाटणी एकाच बोंडात झाली तर उलटा परिणाम होण्याचा धोका. म्हणून सरसकट 'दुसऱ्या पिढीचे बी वाईट' असे मी म्हणणार नाही. काय पेरतो आहोत ते माहीत असणे आणि नसणे यात मात्र फार अंतर आहे.

आता नानांचे आकडे काढा. दोनशेत ५३, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. विकणाऱ्याने साधी भेसळ केली असती तर प्रमाण दहा टक्केही निघाले असते, साठही. चौथा हिस्सा हा वाटणीचा आकडा आहे. माझा तर्क असा, की कुणी तरी तणनाशक सोसणाऱ्या संकराचे उभे शेत विकत घेतले, त्याची सरकी वेगळी केली आणि पाकिटात भरली. तणनाशकाचा तुकडा एका जागी, बीटीचा दुसऱ्या जागी. म्हणून मरणाऱ्या वीस झाडांत चौदांना बीटी होते. वाटणीप्रमाणे पंधरा यायला हवी होती, चौदा आली. पट्टी खोटी नव्हती. मी तिला चुकीचा प्रश्न विचारायला लावला होता. नानांनी मशागतीचे, खताचे, फवारणीचे पैसे घातले आणि चौथे झाड जाळून घेतले. ज्याने पाकीट विकले त्याचा फोन बंद आहे. परवानगी नसलेल्या बियाण्याची तक्रार कुठे करणार? तक्रारदार आधी आरोपी!

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी उघडपणे हे बियाणे लावले ते मला समजते. निंदणीचा खर्च ज्याने केला त्यालाच ते समजते. पण आज चालले आहे ते शेतकऱ्याचे स्वातंत्र्य नाही, अंधारातली खरेदी आहे. बंदीमुळे बियाणे थांबले नाही, फक्त त्याचा उतारा गायब झाला.

आता जागा निवडून तुकडा बसवण्याची साधनेही आली आहेत. दफ्तरात हव्या त्या ओळीवर कात्री चालवता येते. मार्च २०२२ मध्ये केंद्राने ठरवले की कात्री चालवून परका तुकडा न घालता केलेल्या वाणांना जीएमचे नियम लागणार नाहीत. परका तुकडा निवडलेल्या जागी बसवला तर मात्र नियम लागतील. २०२५ साली भाताची अशी दोन वाणे जाहीर झाली. कपाशी आणि दादर ज्वारी रांगेत मागेच उभ्या आहेत, सवयीप्रमाणे.

आपल्याला मागायचे आहे ते थोडे आहे. पाकिटावर इव्हेंटचे नाव छापलेले असावे, आणि तुकडा एका पालकाकडून आला आहे की दोघांकडून, तेही. चतुःसीमा तपासणारी प्रयोगशाळा जळगाव किंवा धुळ्यात असावी आणि शेतकऱ्याने नेलेला नमुना तिने घ्यावा, फक्त निरीक्षकाचा नाही. आणि सरळ बीटी वाणांचे बी वेळेवर मिळावे. परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने एनएच १९०१ बीटीसारखी सरळ वाणे काढली आहेत. त्यांत जोडीच्या दोन्ही गुणसूत्रांवर तुकडा असतो, सरकी घरची ठेवता येते. पण भुलू नका, त्यात पहिलेच जनुक आहे आणि गुलाबी अळी त्याला केव्हाच पचवून बसली आहे. तिच्यासाठी कामगंध सापळे, वेळेवर पीक मोडणे आणि पऱ्हाटीची विल्हेवाट हेच करावे लागणार. हिरव्या बोंडअळीपुरता आणि बियाण्याच्या खर्चापुरता त्या वाणांचा उपयोग धरा.

दाराजवळच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. त्यावर चार रकाने आहेत, गाव, बियाणे कुठून घेतले, सलग किती झाडे मोजली, किती जळाली. नाव लिहायचे नाही. ज्यांनी सुटे बियाणे लावून फवारणी केली त्यांनी दोनशे झाडे मोजूनच भरावा, अंदाजाने नको. नानांचा आकडा पहिल्या ओळीत मी लिहून ठेवला आहे.